बारापैकी बारावी प्रत

मित्रांनो, मी एक जुने छापचित्र आहे. कागद हाताने केलेला, रंग तीन, आणि मधोमध एक मुलगी, जिचे पाय गेली एकवीस वर्षे जमिनीला टेकलेले नाहीत. तिचा एक हात खांबाच्या पलीकडे लांब गेला आहे, वेणी मागे सरळ ताणली आहे, आणि सगळे अंग हवेत आहे. खो-खो खेळणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. खांबावर सूर मारणे म्हणतात ते हेच. माझ्यासारखी चित्रे जगात फक्त बारा आहेत आणि तेरावे कधीही होणार नाही. तुम्ही म्हणाल, हा बढाई मारतो. मारतो खरा. पण माझी हकिकत ऐकून घ्या, मग ठरवा.

माझा जन्म हरसूलजवळच्या एका आश्रमशाळेत झाला. त्याआधी मी कोरा कागद होतो, आणि कागदाच्याही आधी सुती कापडाच्या चिंध्या. पुण्यात हातकागद करणाऱ्यांनी त्या चिंध्या भिजवल्या, कुटल्या, त्यांचा लगदा चाळणीवर पसरला आणि माझा ताव तयार केला. असा कागद जाड असतो, त्याच्या कडा ओबडधोबड असतात, आणि त्यात एकदा मुरलेला रंग सहजासहजी जात नाही. असे अठरा ताव आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या यादव सरांनी मागवले होते.

यादव सर उंच आणि किडकिडीत होते. त्यांच्या शर्टाच्या खिशात सदैव पेन्सिलीचे एक थोटूक असे. त्या वर्षी शाळेच्या मुलींचा खो-खो संघ राज्य स्पर्धेत पहिला आला होता. सगळ्या मुली डोंगरातल्या पाड्यांवरच्या. मोठी ढाल मुख्याध्यापकांच्या कपाटात जाऊन बसली. सरांच्या मनात आले, ढाल शाळेची झाली, पण या पोरी घरी काय नेणार? संघात बारा मुली होत्या. सरांनी ठरवले की प्रत्येकीला एक चित्र द्यायचे, आणि तेही आपल्या हाताने छापून.

सरांनी नाशिकहून लिनोलियमचा एक तुकडा आणला. चामड्यासारखा मऊ, तपकिरी. त्यावर कोरणीने चित्र कोरायचे, रूळ फिरवून रंग लावायचा आणि वर कागद ठेवून घासायचा. जेथे कोरले आहे तेथे रंग लागत नाही. तीन रंगांसाठी लोक तीन ठसे करतात, सरांनी मात्र एकाच ठशावर तिन्ही रंग काढले. आधी पिवळा छापला, मग तोच ठसा आणखी कोरून मातीचा तांबडा छापला, मग आणखी कोरून काळा. प्रत्येक रंगासाठी ठशाचा थोडा भाग कायमचा गेला. शेवटचा काळा छापून झाला तेव्हा त्या तुकड्यावर फक्त एक वेणी, एक सावली आणि खांबाची एक बाजू उरली होती. आता कोणी कितीही मनात आणले तरी पहिला पिवळा रंग पुन्हा निघणार नव्हता. तेरावे चित्र होणार नाही असे मी म्हणालो, ते यामुळे.

शाळेत छपाईचे यंत्र कोठले? सरांनी भोजनगृहातून एक मोठा चमचा आणला आणि त्याच्या पाठीने एकेक कागद तास तास घासला. त्यांचे मनगट सुजले. रंग केसभर जरी सरकला, तरी सर तो ताव उचलत आणि दोन तुकडे करून टाकत. अठरापैकी सहा ताव असे गेले. मी सगळ्यांत शेवटी निघालो. सरांनी मला उजेडात धरले, बराच वेळ बघितले आणि दोरीवर वाळत घातले. आपल्याला फाडले नाही, ही माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी.

आता चित्रातली ती मुलगी कोण, ते सांगतो. सर रोज सकाळी मैदानाच्या कडेला बसून मुलींचा सराव वहीत रेखाटत. त्यांच्या लक्षात आले होते की सगळ्यांत जास्त सूर मारणारी मुलगी सामन्यात खेळतच नाही. तिचे नाव आशा बेंडकोळी. नववीत होती, अंगाने लहानखुरी. संघात ती बारावी, म्हणजे राखीव. अंतिम सामन्यात ती मैदानाबाहेर पाण्याची कळशी घेऊन बसली होती. पण सरावात खांबावर ती अशी झेपावत असे की मातीवर घसरून दोन्ही कोपरांची साले निघत. स्वयंपाकीणबाई त्यावर हळद दाबत आणि म्हणत, "उद्या गप बस." दुसऱ्या दिवशी ती पुन्हा झेपावत असे.

सरांनी तिचाच सूर कोरला होता. तोंड पलीकडे वळलेले असल्यामुळे ते कोणाला ओळखू आले नाही, आणि सरांनीही सांगितले नाही. छापचित्राखाली पेन्सिलीने क्रमांक, नाव आणि सही करायची रीत असते. अकरा प्रतींवर सरांनी नाव घातले, 'सूर'. माझ्यापाशी आल्यावर ते थांबले. थोटकाला ब्लेडने टोक काढले आणि माझ्या खाली लिहिले, '१२/१२. आशाचा सूर. यादव.'

प्रार्थनेच्या वेळी चित्रे वाटली. पहिली प्रत संघाची कर्णधार उज्वला गावित हिला मिळाली. मी आशाच्या हातात गेलो. तिने खालची अक्षरे वाचली आणि चटकन सरांकडे पाहिले. सर दुसरीकडेच बघत होते.

"दुमडू नको," एवढेच ते म्हणाले.

आशाचे घर रस्त्यापासून तासाभराच्या चालीवर, एका पाड्यावर होते. कुडाची भिंत, वर मातीचा गिलावा, शेणाचे सारवण. तिचे वडील काळू यांना वाचता येत नव्हते. त्यांनी मला दोन्ही हातांत धरले.

"बाबा, हितं माझं नाव हाय," आशा म्हणाली.

"ही पोर तू?"

"व्हय."

"मग तोंड का नाय दिसत?"

"तोंड पलीकडं हाय. मी गड्याकडं बघते ना."

काळूंनी थोडा विचार केला. "बराबर हाय. खेळताना तोंड कोणाला दावायचं?" ते म्हणाले आणि बांबूच्या चार खिळ्या ठोकून त्यांनी मला भिंतीवर लावले.

पाड्यावरचे लोक मला बघायला येऊ लागले. मीही असा मोठा बंगला पाहिलेला नव्हता, की त्या कुडाच्या घरात मला कमी वाटावे. आशाची आई कमळाबाई माझ्यावर काजळी बसू नये म्हणून दर बाजाराच्या दिवशी पदराच्या टोकाने मला हलकेच झटकत असे. तिची चूल माझ्यापासून चार हातांवर होती.

दरम्यान शाळेत एक गोष्ट घडली. एका वार्ताहराने उज्वलाच्या प्रतीचा फोटो काढला आणि खाली छापले, 'कर्णधार उज्वलाची झेप'. ते कात्रण शाळेच्या फलकावर लागले, आणि तेव्हापासून चित्रातली मुलगी म्हणजे उज्वला हे सगळ्यांनी गृहीत धरले. यादव सरांची तोवर दूर बदली झाली होती, आणि काही वर्षांनी ते वारले. आशाने कात्रण पाहिले होते, पण ती बोलली नाही. आपल्या प्रतीवर आपले नाव आहे, तेवढे तिला पुरेसे होते.

तीन वर्षे मी त्या भिंतीवर होतो. आशा पुढे शिकायला नाशिकला गेली. एका पावसाळ्यानंतर माझा एक कोपरा ओलीने काळवंडला. काळू रोज येता-जाता तो कोपरा बघत आणि जीभ टाळूला लावून चुकचुकत. चैत्रात ते सप्तशृंगीच्या यात्रेला निघाले. वणीच्या बाजारात देवीच्या तसबिरी काचेत कशा लखलखीत राहतात, हे त्यांनी पाहिले होते. त्यांनी मला धोतराच्या घडीत गुंडाळले, काखेत धरले आणि वणी गाठली.

एसटी स्टँडशेजारी खंडेराव नावाच्या कारागिराचे तसबिरींचे दुकान होते. भिंतभर देवी, गणपती, दत्त.

"कोणता देव?" खंडेरावांनी मान वर न करता विचारले.

"देव नाय. माझी पोरगी हाय," काळू म्हणाले.

खंडेरावांनी चष्मा पुसला आणि मला फळीवर पसरले. मग त्यांनी बोटाने माझ्या अंगावरून, अगदी न टेकता, वेणीची रेघ हवेत ओढली.

"हे हातानं छापलंय. काच याला चिकटता कामा नये, मधी पट्टी सोडावी लागंल. घाईचं काम नाय. पुढच्या मंगळवारी या."

"चालंल. घरी कोणाला सांगितलं नाय. पोरगी यायची हाय, तिला एकदम दावायचं."

"नाव काय तुमचं?"

"काळू. हरसूलकडचा."

"अहो, आडनाव?"

पण स्टँडवर गाडीने हॉर्न दिला आणि काळू पळाले. खंडेरावांनी निळ्या पेन्सिलीने पुठ्ठ्यावर लिहिले, 'काळू, हरसूलकडचा'.

मंगळवार आला. मी सागवानी चौकटीत, काचेमागे, दुकानाच्या दर्शनी भिंतीवर नव्या नवरदेवासारखा तयार होतो. काळू आले नाहीत. पुढच्या मंगळवारीही नाहीत. का आले नाहीत ते मला अठरा वर्षांनी समजले. भातरोपांची जागा भाजायला पालापाचोळा गोळा करताना त्यांना साप चावला होता. चौघांनी झोळी करून त्यांना रस्त्यापर्यंत आणले, पण तोवर सगळे संपले होते.

पुढचेही मला उशिराच कळले. तेराव्याला आशा घरी होती. तिचे लक्ष भिंतीकडे गेले. तेथे फक्त चार खिळ्या. बाप गेलेला, आणि बापाने ठोकलेल्या खिळ्यांवरचे चित्रही गेलेले. दुःखात माणूस कोणावर तरी फुटतो. ती आईला म्हणाली, "तुझ्या चुलीनं खाल्लं ते. कागद दिसला की पेटवायचा, एवढंच येतं तुला." कमळाबाई काही बोलली नाही. पण त्या दिवसानंतर तिने चूल पेटवायला कधी कागद घेतला नाही. काटक्या ओल्या असोत, धुराने डोळे जावोत, कागदाला तिने हात लावला नाही.

इकडे माझे दिवस थाटाचे चालले होते. यात्रेकरू दुकानात देवीसाठी येत आणि माझ्यापुढे थबकत. एकदा दिंडोरीकडचे एक मोठे द्राक्ष बागायतदार आले, रविराज नावाचे. त्यांनी मला बघितले आणि म्हणाले, "काका, हे माझ्या नव्या बंगल्यात लावतो. काय म्हणाल ते देतो."

"हे विकायचं नाय," खंडेराव म्हणाले.

"किती दिवस पडून आहे?"

"दोन वर्षं झाली."

"मग आता कोण येतंय!"

"तो येईल न येईल, त्याची मर्जी. वस्तू त्याची हाय, एवढं मला कळतं."

मित्रांनो, मी कागद आहे म्हणून, नाहीतर त्या क्षणी माझी छाती दोन वीत फुगली असती. खंडेराव नुसते वाट बघत बसले नाहीत. हरसूलच्या बाजाराला जाणाऱ्या ओळखीच्या माणसांपाशी त्यांनी कितीदा निरोप दिले. पण हरसूलच्या बाजारात काळू म्हणून हाक मारली, तर दहा माणसे वळून बघतात. निरोप कोणालाच पोहोचला नाही.

मग काळ बदलला. खंडेरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले आणि दुकान त्यांचा मुलगा संतोष बघू लागला. तयार चौकटी गठ्ठ्याने येऊ लागल्या. दुकानात फ्लेक्स छापायचे यंत्र आले, लॅमिनेशन आले. वाढदिवसाचे, निवडणुकीचे मोठमोठे हसरे चेहरे भिंतीला टेकून उभे राहू लागले. मला जागा उरली नाही. संतोष वाईट नव्हता. त्याने मला गोणपाटात गुंडाळले आणि माळ्यावर ठेवले. खंडेरावांनी खालून एवढेच सांगितले, "फेकायचं नाय."

माळ्यावर मी किती वर्षे होतो, हे मला नीट सांगता येणार नाही. कसरीने माझी डावी कड चाखून पाहिली. पत्र्यातून एकदा पाणी गळले, ते काचेवरून ओघळून गेले. खंडेरावांनी मधे पट्टी सोडली होती म्हणून मी वाचलो. दिसत काही नव्हते, पण ऐकू येत होते. स्टँडवरच्या गाड्या, भजीवाले, आणि आठवड्यातून तीन-चारदा एका बाई कंडक्टरचा खणखणीत आवाज, "वणी! वणीवाले उतरून घ्या! मागं बघत उतरू नका, आजी!" तो आवाज आला की मला बरे वाटे. का ते कळत नसे. मी ओळखत होतो तो आवाज पंधरा वर्षांच्या मुलीचा होता. तो आता पस्तिशीचा झाला आहे आणि खाकी कपडे घालून माझ्यापासून पन्नास पावलांवर घंटी मारतो आहे, हे मला काय माहीत!

मला शोधले कोणी, ऐका. ज्या उज्वलाचे नाव माझ्यातल्या मुलीला फुकट चिकटले होते, तिनेच.

उज्वला आता नाशिकमध्ये खो-खोची नावाजलेली प्रशिक्षक आहे. गेल्या वर्षी आश्रमशाळेत खेळाचे नवे सभागृह उभे राहिले. तेथल्या क्रीडाशिक्षिका पूजा मॅडम यांनी ठरवले की दारावरच्या भिंतीवर हेच चित्र भले मोठे रंगवायचे, खाली 'उज्वला गावित यांची झेप' असे लिहायचे, आणि उद्घाटनाला जुन्या बाराही प्रती मांडायच्या. उज्वलाने फोनवर सांगितले, "मॅडम, ती मी नाही. मी पळणारी होते, बचाव करणारी. खांबावर मी जन्मात सूर मारला नाही."

"ताई, हा तुमचा मोठेपणा!" पूजा मॅडम म्हणाल्या.

उज्वलाने बैठकीत सांगितले, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. किती नम्र बाई, असे म्हणाले. ती चिडली. खरे बोलावे आणि लोकांनी ते कौतुकाने खोटे ठरवावे, याला काय करायचे? तेव्हा तिला आठवले की वसतिगृहात आशाने एकदा आपली प्रत दाखवली होती आणि तिच्यावर सरांच्या अक्षरात नाव होते. अकरा प्रती मिळाल्या होत्या. बारावीचा पत्ता नव्हता.

ती नाशिकच्या सीबीएस स्टँडवर आशाला गाठायला गेली. आशा तिकिटाचे यंत्र कमरेला लावून गाडीची वाट बघत होती.

"जाऊ दे, कॅप्टन," आशा म्हणाली. "ते केव्हाच जळलं."

"कोणी जाळलं?"

आशा यंत्रात कागदाची गुंडाळी बसवू लागली.

"हे बघ," उज्वला म्हणाली, "मी सोळा वर्षांची होते. पेपरात नाव आलं, घरी सगळे नाचले, आणि माझं तोंडच उघडलं नाही. त्याला एकवीस वर्षं झाली. आता ते भिंतीवर रंगवणार, आणि मी खाली उभी राहून फोटो काढून घेऊ? मला नाही जमायचं. तू चल माझ्याबरोबर."

आशाने त्या दिवसाची पाळी दुसरीला दिली आणि दोघी तशाच पाड्यावर गेल्या. कमळाबाई अंगणात नागली पाखडत होती. उज्वलाने वाकून नमस्कार केला आणि सरळच विचारले, "मावशी, आशाचं ते चित्र तुम्ही शेवटचं कुठं बघितलं?"

कमळाबाईचे सूप थांबले. तिने लेकीकडे एकदा पाहिले.

"ह्यांच्या काखेत. धोतरात गुंडाळून वणीला नेलं ह्यांनी. मी म्हनलं, हे काय? तर हसले. रिकाम्या हातानं परत आले, तवा म्हनले, कळंल मंगळवारी."

आशा तिच्यासमोर येऊन बसली. "आये! मग तू बोलली का नाय?"

"तू इचारलं कुठं? तू तर सांगितलंस."

"तरी बी..."

"ह्यांना जाऊन तेरा दिस झाले होते, आशे. मेलेल्या माणसानं तुझी वस्तू नेली न हरवली, असं मी कोणत्या तोंडानं सांगू? तू बापावर रागावली असती. म्हनलं, माझ्यावरच राहू दे."

ती पुन्हा पाखडू लागली. मग आशा उठली. तिने आईच्या हातातून सूप काढून घेतले आणि म्हणाली, "चल. लुगडं बदल. तू बी यायचंस."

वणीच्या बाजारात त्यांनी तसबिरीवाल्यांची चार दुकाने पालथी घातली. पाचवे संतोषचे. अठरा वर्षांपूर्वी कोणी काळू नावाचे गिऱ्हाईक आले होते का, असे उज्वलाने विचारले, तेव्हा संतोष हसला. पण मागच्या खुर्चीवर बसलेला म्हातारा हसला नाही.

"काळू?" खंडेराव म्हणाले. "हरसूलकडचा? संत्या, माळ्यावर चढ."

गोणपाट सुटले. इतक्या वर्षांनी उजेड अंगावर पडला, आणि मी पाहिले तर समोर तीन बायका. खाकी कपड्यातली एक ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बघत होती. तिने काचेवरची धूळ तळहाताने पुसली आणि हळू वाचले, "आशाचा सूर." तो आवाज! माळ्यावर मी रोज ज्याची वाट बघत होतो तो.

खंडेरावांना दिसत नव्हते. त्यांनी हात पुढे करून चौकटीचे कोपरे चाचपले, चारही.

"काळू नाय आला?"

"बाबा गेले, आजोबा. त्याच आठवड्यात. मी त्यांची मुलगी."

म्हाताऱ्याचा हात चौकटीवरच राहिला. "मंगळवारी या म्हनलं होतं मी," तो म्हणाला. "लय मंगळवार झाले." मग जरा ताठ बसून म्हणाला, "काम तयार हाय म्हणावं. कधीचंच तयार हाय."

आशाने त्यांच्या पायांना हात लावला. बाहेर आल्यावर, भर स्टँडवर, गर्दीत, ती आईपुढे उभी राहिली.

"आये, माझं चुकलं. अठरा वर्षं चुकलं."

कमळाबाईने तिच्या गालावरून हात फिरवला. "चल, गाडी सुटंल," ती म्हणाली. पण गाडीत बसल्यावर तिने मला मांडीवर घेतले, आणि हरसूल येईपर्यंत कोणाच्या हाती दिले नाही.

उद्घाटनाच्या दिवशी आम्ही बाराजण एका भिंतीवर होतो. एकवीस वर्षांनी भावंडे भेटली! कोणी पिवळे पडले होते, एकावर चहाचा डाग होता, एकाची कड उंदराने खाल्ली होती. कसरीने चाखलेली कड आणि काळा कोपरा सोडला, तर सगळ्यांत नीट मी. उज्वलाने माइक घेतला. "मी एवढी वर्षं दुसरीच्या झेपेवर मिरवले," ती म्हणाली. "आज ज्याचं त्याला देते. नम्रता वगैरे काही नाही. सरांचं अक्षर आहे, जवळ येऊन वाचा." लोक रांगेने आले आणि वाचून गेले. यादव सरांच्या अक्षराला त्या दिवशी देवदर्शनासारखी रांग लागली होती. पूजा मॅडमनी रंगाऱ्याला तेथेच बोलावून भिंतीवरचे नाव बदलून घेतले. आशाला बोलायला सांगितले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "मी सामन्यात कधी खेळले नाय. पण सूर माझाच होता."

मला कोठे ठेवायचे, हा प्रश्न निघाला. नाशिकच्या एका चित्रसंग्राहकांनी मला मागितले. आशाचे मन घरी न्यायचे होते. कमळाबाई म्हणाली, "घरी कोण बघंल? पोरी खेळतात तिथं लाव."

म्हणून मी आता सभागृहाच्या आत, मैदानाकडे उघडणाऱ्या दाराशेजारी, कोरड्या भिंतीवर आहे. सराव सुटला की मुली घामेजल्या अंगाने माझ्यापुढे उभ्या राहतात आणि भांडतात. "बघ, आधी उजवा पाय सुटलाय." "नाय गं, कंबर बघ कुठं वळलीय!" पूजा मॅडम पट्टीने कोपर दाखवून शिकवतात. परवा एकीने खांबावर सूर मारला आणि धावत येऊन आपला हात माझ्यातल्या हातासारखा लांब करून पाहिला. छापचित्राला याहून मोठा मान कोणता?

मित्रांनो, आता माझे एक मागणे. तुमच्या घरी एखादे जुने चित्र असेल, आजोबांचा फोटो असेल, तर त्याला ओल्या भिंतीवर टांगू नका, चिकटपट्टी लावू नका, आणि मागच्या बाजूला पूर्ण नाव-गाव लिहून ठेवा, आडनावासकट. एवढी काळजी घेऊनही वस्तू कधी हरवते. हरवू द्या. कागद वाट बघतो. मी अठरा वर्षे बघितली, माझे फारसे बिघडले नाही. घरातले माणूस मात्र न केलेल्या चुकीचा धूर डोळ्यांत घेत बसते आणि बोलत नाही. म्हणून वस्तू सापडली नाही, तर आधी त्या माणसाजवळ जाऊन बसा, आणि त्याला विचारा.